ताशी हजार मैल : इंजिन सोडून बाकी सगळं अवघड

मायक्रॉन (शनिवार, रात्री १०.१२)

गेल्या रविवारी भाचा आला होता. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या टीमने स्पर्धेसाठी एका माणसाची रेसिंग गाडी बनवायला घेतलीय, तिची ब्रेक डिस्क आणि हब फडक्यात गुंडाळून घेऊन आला. "मामा, मशीनवर जरा फिरवून दे." आमचं ठाण्यात वागळे इस्टेटला बॅलन्सिंगचं काम आहे, म्हणजे फिरणाऱ्या भागाचं वजन सगळीकडून सारखं करून द्यायचं. ब्लोअरचे इंपेलर, पंपाचे रोटर, कधीमधी पिठाच्या गिरणीची पुली.

चहा पिता पिता तो म्हणाला, "जगातल्या सगळ्यात वेगवान गाडीला लढाऊ विमानाचं इंजिन लावतात. म्हणजे इंजिन मिळालं की झालं की! उरलं काय, चार चाकं आणि एक सीट."

मी म्हटलं, अरे सोन्या, त्या गाडीत इंजिन हाच सगळ्यात सोपा भाग. ते दुसऱ्या कुणीतरी बनवून, तपासून, हजारो तास उडवून ठेवलेलं असतं. तुला फक्त ते बसवायचंय. चाक मात्र तुलाच बनवायचंय. ते काही त्याच्या गळी उतरलं नाही, म्हणून हा धागा. त्यालाही लिंक पाठवतोय.

आधी आजचा विक्रम. १५ ऑक्टोबर १९९७, अमेरिकेतल्या नेवाडातलं ब्लॅक रॉक वाळवंट, गाडीचं नाव थ्रस्ट एसएससी, चालक ब्रिटिश हवाई दलाचा वैमानिक अँडी ग्रीन. वेग ताशी १२२७.९८५ किलोमीटर, म्हणजे ७६३ मैल. आवाजाची भिंत जमिनीवर ओलांडून झालेला हा पहिला विक्रम, आणि तो अजून कुणाला मोडता आलेला नाही. गाडी साडेसोळा मीटर लांब, वजन साडेदहा टनांच्या आसपास, दोन्ही बाजूंना फँटम विमानातली रोल्स रॉइसची दोन स्पे इंजिनं. जोर लाखभर अश्वशक्तीचा आणि तेल सेकंदाला सुमारे १८ लिटर. (तेलाचा आकडा ऐकून भाच्याने स्वतःच्या स्कूटरकडे वळून पाहिलं.)

आता चाक. या वेगाला रबरी टायर चालत नाही, चिंध्या होतील. म्हणून चाक सबंध धातूचं. थ्रस्टनंतर ब्रिटिशांनीच ब्लडहाउंड नावाची गाडी करायला घेतली, लक्ष्य ताशी हजार मैल. तिचं चाक घडीव अ‍ॅल्युमिनियमचं, व्यास ९०० मिलिमीटर, वजन ९५ किलोच्या आसपास. आणि फिरवायचं किती, तर मिनिटाला १०,२०० फेरे. आमच्या मशीनवर रोज येणारे इंपेलर १,४४० नाहीतर २,९०० फेऱ्यांवर चालणारे.

मी भाच्याला कागदावर एकच गणित करून दाखवलं. इतक्या फेऱ्यांना चाकाच्या कडेवर बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पन्नास हजार पट होतो. म्हणजे कडेला चिकटलेली एक ग्रॅमची चीप, लेथखाली झाडूने गोळा करतो तसली, पन्नास किलोची होते. सिमेंटची अख्खी गोणी. शिवाय ती दर फेऱ्याला दिशा बदलणार, सेकंदाला १७० वेळा. एक ग्रॅम चुकला की अ‍ॅक्सलला कुणीतरी गोणी बांधून गरागरा फिरवतंय असं समजा.

आमच्या पंख्याच्या कामात जे चालतं ते इथे चालणार नाही, हे वेगळं सांगायला नको. पण बॅलन्स ही त्यातली सोपी गोष्ट. चीप काढली, चिमूटभर धातू घासला, काम झालं. खरी भीती चाक स्वतःच्याच वजनाने फाटण्याची आहे. लोक विचारतात, अ‍ॅल्युमिनियम का, स्टील घ्या ना, जास्त मजबूत. स्टील मजबूत खरं, पण जवळजवळ तिप्पट जड, आणि फिरताना चाकाला फाडणारी गोष्ट म्हणजे त्याचं स्वतःचं वजन. जेवढा माल जास्त तेवढा तोच मालाचा वैरी. म्हणून चाक हबपाशी जाड आणि कडेला बारीक होत जातं, भाकरी थापताना मध्ये राहते तशी जाडी. (बायको म्हणते, तिच्या भाकरीला नावं ठेवायला मला निमित्तच लागतं.)

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. शेजारच्या गाळ्यात काही वर्षांपूर्वी बेंच ग्राइंडरचा आठ इंची दगड फुटला. आदल्या दिवशी तो रॅकवरून पडला होता, वरून काही दिसत नव्हतं, पोऱ्याने तसाच चढवला. दगड चढवण्याआधी बोटात लटकवून लाकडी दांड्याने टकटक करायची असते. चांगला असेल तर टण्ण वाजतो, आत चीर असेल तर भद्द. तेवढं कुणी केलं नाही, आणि गार्ड तर कधीच काढून ठेवलेला. सुदैवाने समोर कोणी उभं नव्हतं. एक तुकडा छपराच्या पत्र्यातून आरपार गेला. ते भोक अजून आहे, पावसाळ्यात खाली बादली लागते.

त्या दगडाच्या कडेचा वेग काढून पाहिला : ताशी १०७ किलोमीटर. ब्लडहाउंडच्या चाकाच्या कडेला १,७०० च्या वर जायचंय, आणि तेही दगडगोट्यांच्या जमिनीवर.

चाकावर माझं एवढंच. हवेतलं मला फार कळत नाही. जाणकारांनी भर घालावी.

तीन_हात_नाका (शनिवार, रात्री १०.३१)

पहिला!

आमचा कालचा विक्रम : माजिवडा ते कासारवडवली, एक तास दहा मिनिटं. परतीची फेरी तासाच्या आत झाली नाही, त्यामुळे नोंद होणार नाही.

मायक्रॉन (शनिवार, रात्री १०.३८)

हसलो, पण तू नकळत खरा नियम सांगितलास. एका दिशेने जाऊन चालत नाही. त्याच मोजलेल्या पट्ट्यावर उलट दिशेनेही जावं लागतं, दोन्ही फेऱ्या एका तासात, आणि दोन्हींची सरासरी हा विक्रम. वाऱ्याचा, उताराचा फायदा कुणी घेऊ नये म्हणून. थ्रस्टने १३ ऑक्टोबरलाच दोन्ही फेऱ्या आवाजाच्या वर काढल्या होत्या, पण दुसरी मिनिटभराने उशिरा संपली आणि सगळं पाण्यात. दोन दिवसांनी पुन्हा सगळा खटाटोप.

कळव्याचा_जुना (शनिवार, रात्री ११.०५)

उत्तम धागा. एक शंका. १९८३ साली रिचर्ड नोबलने थ्रस्ट-२ चालवली तेव्हा गाडीने पहिल्यांदा हजार किलोमीटरचा टप्पा ओलांडला, असं लहानपणी पेपरात वाचल्याचं आठवतं. आम्ही ते कात्रण कापून ठेवलं होतं.

पाठीमागचा_बाक (शनिवार, रात्री ११.२०)

दादा, हजारचा मान ब्लू फ्लेमचा. २३ ऑक्टोबर १९७०, बॉनव्हिलचं मिठाचं मैदान, चालक गॅरी गॅबेलिच. रॉकेटची गाडी होती, इंधन द्रवरूप नैसर्गिक वायू. थ्रस्ट-२ ने १९८३ च्या ४ ऑक्टोबरला तोच विक्रम मोडला, १०१९ वर. तुमच्या कात्रणात बहुतेक "मोडला" असेल.

कळव्याचा_जुना (शनिवार, रात्री ११.२६)

असेल असेल. कात्रण २६ जुलैच्या पाण्यात गेलं, आता भांडायला पुरावा नाही.

वाऱ्याचं_गणित (रविवार, सकाळी ८.५०)

मायक्रॉनकाका, चाकाबद्दल मस्त लिहिलंय. हवेबद्दल मी लिहिते. ऐरोलीत ऑफिस आहे, दिवसभर हेच करते. गाड्या मात्र साध्यासुध्या असतात, त्यांच्या आरशामागचा आवाज कमी करणे वगैरे.

सगळ्यांना वाटतं, वेग वाढला की हवा अडवते, म्हणून जास्त जोर लावायचा. ते आहेच. वेग दुप्पट केला तर हवेचा अडथळा चौपट होतो आणि लागणारी ताकद आठपट. पण अडथळा हा सरळ हिशेब आहे, मोठं इंजिन लावा आणि जा. खरी डोकेदुखी वर-खालीच्या जोरात आहे.

थ्रस्टच्या वेगाला, ब्लॅक रॉकच्या उंचीवरच्या विरळ हवेतही, समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सहा टनांच्या वर जातो. गाडीचं पोट हिशेबापुरतं ४० चौरस मीटर धरा. वरच्या आणि खालच्या दाबात त्या सहा टनांच्या चार टक्के एवढाच फरक पडला, तरी गाडीच्या सबंध वजनाएवढा जोर तयार होतो. वरच्या दिशेने पडला तर गाडी विमान होते, आणि या विमानाला पंख नाहीत की उतरायची सोय नाही. खालच्या दिशेने पडला तर चाकं जमिनीत घुसतात आणि बेअरिंगवर दुप्पट भार येतो. आपल्या रस्त्यावरच्या रेसिंग गाड्या खाली दाबायला पंख लावतात. इथे दाबलेलंही नको आणि उचललेलंही नको. शून्याच्या जवळ राहायचं, आणि तेही उभ्यापासून हजारच्या पुढेपर्यंत, जेव्हा हवेचा स्वभाव वाटेतच बदलतो.

हा स्वभाव बदलतो आवाजाच्या वेगाशी. त्याच्या आत असताना हवेला पुढून निरोप मिळतो की काहीतरी येतंय, आणि ती बाजूला सरते. आवाजाला गाठलं की निरोप पोचतच नाही. हवा एका पातळ पडद्यात दाबली जाते, तो शॉक. विमान असेल तर शॉक मोकळा पसरतो. गाडीखाली जमीन अर्ध्या हातावर असते. शॉक जमिनीवर आपटतो, परत पोटावर येतो, पुन्हा खाली. तो पोटाखाली नेमका कुठे आपटतोय त्यावर नाक उचलणार की दबणार हे ठरतं, आणि वेग थोडा बदलला की ती जागा मागेपुढे सरकते.

हे सगळं थ्रस्टच्या टीमने बांधणीआधी कसं तपासलं, हा माझा आवडता भाग. त्यांचे हवेचे तज्ज्ञ रॉन एअर्स. वाऱ्याच्या बोगद्यात जमीन स्थिर असते आणि हवा धावते, इथे जमीनही धावतेय, त्यामुळे बोगद्यावर विसंबता येईना. मग स्वान्सी विद्यापीठात काँप्युटरवर गणित मांडलं. ते खरं की खोटं हे बघायला गाडीचं छोटं मॉडेल रॉकेटच्या स्लेजवर बसवून रुळांवरून आवाजाच्या वर पळवलं. जागा कुठली, तर वेल्सचं पेंडाइन, जिथे १९२० च्या दशकात वाळूच्या किनाऱ्यावर हेच विक्रम व्हायचे. गणित आणि स्लेज एकमेकांशी जुळले, तेव्हाच पुढे गेले. आमच्याकडे आजही गणित आणि टेस्ट जुळले की त्या दिवशी सामोसे मागवतात.

आणि एक. चाकाचा सगळ्यात वरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. गाडी आवाजाच्या वेगाला पोचली की चाकाचं टाळू आवाजाच्या दुप्पट वेगात. म्हणून चाकं उघडी ठेवून चालत नाही.

उपाशी_बोका (रविवार, सकाळी ९.१५)

सामोशाच्या ओळीपर्यंत सगळं समजलं. वाचनखूण साठवली.

कळव्याचा_जुना (रविवार, सकाळी ९.४०)

ताई, जमीन जवळ असली की हवा कशी वागते, हे आम्ही पस्तीस वर्षं कानाने अनुभवलंय. फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची तेव्हा तोंडाशी शिरताच कान दडपायचे, दाराशी उभ्याचा शर्ट आत ओढला जायचा. जेमतेम सव्वा किलोमीटरचा बोगदा, १९१६ चा. लोकलचा वेग ऐंशी-नव्वद धरा. त्यातही नवखा माणूस दचकायचा.

वाऱ्याचं_गणित (रविवार, सकाळी १०.०२)

अगदी बरोबर, काका. हवेला पळायला जागा नसली की असंच होतं.

अवांतर : आवाजाचा वेग ठरलेला नसतो, तो तापमानावर असतो. सकाळी १० अंशांना ताशी साधारण १,२१५ किलोमीटर. ठाण्यात मे महिन्यात ३३ अंश असताना १,२६५. म्हणजे तोच १,२२८ चा वेग नेवाडातल्या थंड सकाळी आवाजाच्या वर, आणि आपल्याकडे उन्हात आवाजाच्या खाली.

तीन_हात_नाका (रविवार, सकाळी १०.१०)

म्हणजे ठाण्यात हा विक्रम उन्हामुळेच होत नाही. ट्रॅफिकला उगाच नावं ठेवतो आपण.

खारघरचा_चढ (रविवार, दुपारी १२.३०)

चेष्टा सोडून विचारतो. अटल सेतू रात्री बंद ठेवला तर? २१.८ किलोमीटर, सपाट, नवा रस्ता. पाम बीच रोड मला छोटा वाटतो.

मायक्रॉन (रविवार, दुपारी १.१५)

हिशेब करू. १,२२८ म्हणजे सेकंदाला ३४१ मीटर. वाशी ते बेलापूर पाम बीच दहा किलोमीटर धरला तर अर्ध्या मिनिटात संपला. अटल सेतू ६४ सेकंदांत. पण तो वेग गाठायला लागणारी जागा आणि थांबायला लागणारी जागा मोजा. ब्लडहाउंडला दक्षिण आफ्रिकेत जो पट्टा केला तो १९ किलोमीटरचा आहे. तेव्हा लांबी काठावर पास.

बाकी सगळ्यात नापास. सेतू वळतो. जोडांवर खाचा आहेत. आणि धातूचं चाक डांबरावर किंवा काँक्रीटवर चालवलं तर चाक तरी जाईल नाहीतर रस्ता. ब्लडहाउंड २०१७ साली इंग्लंडात न्यूकीच्या धावपट्टीवर पहिल्यांदा पळवली, ताशी २१० मैलांपर्यंत. तेव्हा धातूची चाकं काढून जुन्या लाइटनिंग लढाऊ विमानाची रबरी चाकं लावली होती. धातूच्या चाकाला थोडी दबणारी जमीन लागते, सुकलेल्या तळ्याचा तळ. चाक जरासं रुततं, त्यावर पकड मिळते.

पण त्या जमिनीवरच्या दगडाचं काय? ब्लडहाउंडचा तो पट्टा हाक्सकीन पॅनवर, नॉर्दर्न केपमध्ये. तिथल्या आसपासच्या वस्त्यांमधल्या ३१७ लोकांनी हाताने १६,५०० टन दगड वेचून काढले. हाताने! आमच्याकडे गाळा झाडायला माणूस मिळत नाही.

खारघरचा_चढ (रविवार, दुपारी १.४०)

आणि कच्छचं रण? ते तर आपलंच आहे.

पाठीमागचा_बाक (रविवार, दुपारी २.०५)

धोरडोला गेलो होतो डिसेंबरात. दिसायला पांढरंशुभ्र, पण कडेला जरा पुढे गेलो तर वरचं मिठाचं कवच मोडलं आणि बूट घोट्यापर्यंत काळ्या चिखलात. मुलीने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पावसाळ्यात तर पाणीच असतं. तिथे साडेदहा टनांची गाडी न्यायची तर आधी क्रेन मागवा.

खड्डे_मोजणारा (रविवार, दुपारी ३.३०)

सगळे कौतुक करताय म्हणून मी वाईटपणा घेतो. कशासाठी हे? कुणाला बाराशेने कुठे जायचंय? एवढ्या पैशात गायमुखचा घाट दहा वेळा दुरुस्त होईल.

मायक्रॉन (रविवार, दुपारी ४.००)

तुमचा मुद्दा त्यांनाही भोवला. ब्लडहाउंडची घोषणा २००८ ची. दहा वर्षं प्रायोजक शोधण्यात गेली, २०१८ साली पैसे संपले आणि प्रकल्प बंद पडला. गाडी भंगारात जायची वेळ आली होती. मग यॉर्कशायरच्या एका उद्योजकाने ती विकत घेतली आणि २०१९ च्या नोव्हेंबरात ताशी ६२८ मैलांपर्यंत पळवली. जेटच्या जोडीला लागणारं रॉकेट तेव्हा बसवलंच नव्हतं, ही धाव नुसत्या जेट इंजिनावर, युरोफायटर लढाऊ विमानाच्या. नंतर पुन्हा पैसा नाही. गाडी गेली संग्रहालयात.

घाट दुरुस्त व्हायलाच हवा. पण या पैशाचा त्या खड्ड्यांशी संबंध नाही, ते खड्डे पैसे असूनही आहेत.

खड्डे_मोजणारा (रविवार, दुपारी ४.०४)

शेवटच्या वाक्याला +१.

बॅटरीवाला (रविवार, संध्याकाळी ६.१५)

कुणी विजेचं नाव काढेना म्हणून आलो. पहिली विक्रमी गाडीच विजेची होती. डिसेंबर १८९८, फ्रान्स, ताशी ६३ किलोमीटर. आणि माणूस गाडीतून शंभराच्या वर पहिल्यांदा गेला तोही विजेवर : २९ एप्रिल १८९९, कामी जेनात्झी, गाडी टॉर्पेडोच्या आकाराची, वेग १०५.८८. पेट्रोलवाले नंतर आले.

आणि भाच्याला सांगा, २०१६ साली बॉनव्हिलला ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पोरांनी विजेची गाडी ५४९ च्या सरासरीने पळवली. कॉलेजची टीम!

भाचा_बोलतोय (रविवार, संध्याकाळी ७.२०)

नमस्कार, मीच तो. मामा, तू "गळी उतरलं नाही" लिहिलंस ते चूक आहे, उतरलं होतं, फक्त मान्य केलं नव्हतं.

बॅटरीवालेकाका, आमच्या टीमला गेल्या वर्षी अंतिम फेरीत गाडी चालूच करता आली नव्हती, तरी आशा ठेवतो. प्रश्न असा, की ५४९ वरच का थांबते? मोटर तर मोठी लावता येते.

वाऱ्याचं_गणित (रविवार, रात्री ८.१०)

कारण तिथे जोर चाकातून जमिनीला द्यावा लागतो. मिठावर पकड कमी. पकड वाढवायला गाडी खाली दाबायची तर हवेचा अडथळा वाढतो आणि टायरवर भार येतो. वजन वाढवायचं तर वेग गाठायला जास्त अंतर लागतं. एका टप्प्यावर चाक नुसतं जागच्या जागी फिरतं. जेट आणि रॉकेटला जमिनीची गरजच नाही, ती गरम वायू मागे फेकतात आणि चाकं नुसती गडगडत जातात. म्हणून चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांचे विक्रम वेगळे मोजतात. डोनाल्ड कँपबेलची ब्लूबर्ड, १९६४, ऑस्ट्रेलियातलं लेक एअर, ४०३ मैल. ती अशी चाकं फिरवणारी होती, आत टर्बाइन.

भाचा_बोलतोय (रविवार, रात्री ८.२५)

ओके ताई. आणि स्टिअरिंग? साडेसोळा मीटर लांब गाडी वळते कशी?

मायक्रॉन (रविवार, रात्री ८.५०)

हे मस्त आहे. थ्रस्टची पुढची चाकं इंजिनांच्या खाली, तिथे वळवायला जागाच नाही. म्हणून मागची चाकं वळवली. आपली फोर्कलिफ्ट वळते तशी. मागची दोन चाकंही शेजारी शेजारी नाहीत, एक पुढे एक मागे, कारण शेपूट अरुंद. सगळ्यांनी वेड्यात काढलं, मागून वळणारी गाडी आवाजाच्या वेगाला कोण चालवेल? मग त्यांच्या डिझायनरने, ग्लिन बोशरने, एका जुन्या मिनी गाडीला मागे तशीच वेडीवाकडी चाकं लावून चालवून दाखवली.

आमच्या इथे फोर्कलिफ्टवाला ताशी पाचने जातो, तरी महिन्यातून एकदा माझ्या शटरला ठोकतो.

कळव्याचा_जुना (रविवार, रात्री ९.३०)

थांबण्याबद्दल कुणीच बोलेना. रेल्वेत नोकरी झाली, त्यामुळे माझा जीव ब्रेकातच. साडेदहा टन, सेकंदाला ३४१ मीटर. ऊर्जा काढली : साधारण ६१ कोटी ज्यूल. भरलेली बारा डब्यांची लोकल हिशेबापुरती आठशे टन धरली आणि ताशी शंभरने पळवली, तर तिच्या दुप्पट. हे सगळं एका गाडीच्या ब्रेकात उष्णता होऊन जायचं. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी आहे, तेवढं पाणी उकळेल.

पाठीमागचा_बाक (रविवार, रात्री ९.५५)

म्हणूनच आधी पॅराशूट, मग वेग बराच उतरला की शेवटी चाकाचे ब्रेक. ब्लडहाउंडला हवेत उघडणाऱ्या झडपाही होत्या. पॅराशूट उघडलं नाही तर काय होतं, ते अमेरिकन चालक क्रेग ब्रीडलव्हने अनुभवलं. ऑक्टोबर १९६४, बॉनव्हिल, ५२६ मैलांचा विक्रम झाला आणि दोन्ही पॅराशूट तुटली. ब्रेक जळून गेले, गाडी मैदान सोडून टेलिफोनचा खांब तोडून खाऱ्या पाण्याच्या तळ्यात. हा बाहेर पोहत आला.

मायक्रॉन (रविवार, रात्री १०.२०)

सगळे असे पोहत येत नाहीत. २७ ऑगस्ट २०१९, ओरेगनचं आल्वर्ड वाळवंट. जेसी कोंब्स, वय ३९. स्टारफायटर विमानाच्या सांगाड्यापासून केलेली गाडी. पुढचं चाक निकामी झालं, बहुधा जमिनीवरच्या कशाला तरी आदळून. तिने त्या दिवशी गाठलेला ५२२ मैलांचा वेग पुढे महिलांचा विक्रम म्हणून नोंदला गेला.

भाचा चाकाबद्दल हसत होता तेव्हा मला हीच आठवली. त्याला तेव्हा बोललो नाही, आता इथे लिहितोय.

भाचा_बोलतोय (रविवार, रात्री १०.४१)

वाचलं.

मामा, आमचा हब गेल्या आठवड्यात तू फिरवलास तेव्हा बोअर, म्हणजे मधलं भोक, साठ मायक्रॉन (०.०६ मिलिमीटर) बाहेर आला होता. टीममध्ये सांगितलं तर म्हणाले, एवढं चालतं, बोल्ट आवळून घेऊ. ज्या वर्कशॉपने केला तेही हेच म्हणाले. मी तो बाजूला ठेवलाय. नवा ब्लँक घेतला, उद्या घेऊन येऊ का? आणि तो लाकडी दांडा कुठे मिळतो?

मायक्रॉन (रविवार, रात्री १०.४७)

साडेआठला शटर उघडतो. दांडा हातोडीचा जुना आहे, तो देतो. डबा आण, दोघांचा.